न सांगितलेला पाऊस

प्रवासाहून परत आलं की माणसं फोटो दाखवतात. माझ्या मोबाइलमध्ये या वेळचे अकरा फोटो आहेत. त्यातल्या चारांत माझा अंगठा आलाय, एकात पूर्णगडच्या किल्ल्याचा दरवाजा तिरपा उभा आहे आणि उरलेले सगळे स्ट्रॉबेरीचे आहेत. आंब्याचा एकही नाही. शेजारच्या जोशीवहिनी म्हणाल्या, "काय हो काका, ऐन मोसमात रत्नागिरीला जाऊन आंब्याचा एक फोटो नाही?" राहून गेला, म्हटलं. तो का राहून गेला हे तोंडाने सांगवत नाही, म्हणून लिहितो आहे.

आधी माझ्याबद्दल. मी पुण्याचा. हवामानाच्या एका कचेरीत एकतीस वर्षं मराठी टंकलेखक होतो. अंदाज काढणारे साहेब वेगळे. ते नकाशे पसरून बसत, आपसात इंग्रजीत वाद घालत आणि दुपारी त्या वादाचं सार एका कागदावर होऊन माझ्या टेबलावर येई. 'तुरळक ठिकाणी', 'मेघगर्जनेसह', 'आकाश अंशतः ढगाळ'. मी ते टंकून पुढे पाठवत असे. एवढंच माझं काम. पण नातेवाइकांत मी 'हवामान खात्यातला दिनू' म्हणून ओळखला जातो. लग्नाचा मांडव उघडा ठेवू का, पापड कधी घालू, ट्रेकला जाऊ का, हे सगळे मला विचारतात. मी खिडकीतून आभाळाकडे बघतो, थोडा वेळ जाऊ देतो आणि काहीतरी सांगतो. निम्म्या वेळा बरोबर येतं. मी टंकलेखक आहे हे कुणाला मुद्दाम सांगायला गेलो नाही, आणि कुणी विचारलंही नाही.

मामेबहीण सुमनताई गेली कित्येक वर्षं म्हणत होती, निवृत्त झालास आता तरी ये. तिची हापूसची बाग पूर्णगडच्या अलीकडे. मार्चच्या सुरुवातीला निघालो. सरळ जायचं सोडून वाट वाकडी केली आणि आधी महाबळेश्वरच्या पठारावर दोन दिवस काढले. ते दोन दिवस काढले नसते तर पुढचं कदाचित घडलंही नसतं.

पठारावर

राहिलो ते यशवंतराव नावाच्या स्ट्रॉबेरीवाल्याकडे. दोन खोल्या पाहुण्यांना, दोन घराला आणि समोर उताराने ओढ्यापर्यंत स्ट्रॉबेरीचे वाफे. जेवायला नाचणीची भाकरी आणि वाघ्या घेवड्याची उसळ. पुण्यात आम्ही हाच घेवडा कुकरला लावून त्याचा लगदा करतो. इथे तो दाणा न् दाणा वेगळा आणि तरी मऊ. मी तीनदा वाढून घेतला, तेव्हा यशवंतरावांच्या बायको हसून आत गेल्या आणि पातेलंच घेऊन आल्या.

संध्याकाळी पाचला चहा घेताना सवयीने मोबाइलवर अंदाज उघडला आणि सवयीनेच मोठ्याने वाचला. "मध्य महाराष्ट्राच्या उंच भागात एक-दोन ठिकाणी अवेळी भूतुषाराची शक्यता. दक्षिण कोकणात येत्या चार-पाच दिवसांत तुरळक ठिकाणी मेघगर्जनेसह हलका ते मध्यम पाऊस."

"भूतुषार म्हणजे काय वो?" यशवंतरावांनी विचारलं.

"जमिनीलगत दव गोठतं ना, ते."

"दहिवर गोठतंय व्हय? मार्चात? ते आमचं डिसेंबर-जानेवारीचं. कापडं बी गुंडाळून माळ्यावर टाकली मी."

आतून बायको म्हणाल्या, "सांगत्यात तर टाका की झाकून. परत गुंडाळायचं तेवढंच."

मग आम्ही तिघांनी माळ्यावरची पांढरी कापडं काढली आणि अंधार पडायच्या आत ओढ्याकडचे वाफे झाकले. माझ्या कमरेने त्याबद्दल दोन दिवस कुरकुर केली. पहाटे यशवंतरावांनी दार वाजवून उठवलं. ओढ्याच्या काठचं गवत मीठ भुरभुरल्यासारखं पांढरं झालं होतं. बोट लावलं तर करकरलं. आमच्या वाफ्यांची कापडं ताठ झाली होती, पण खाली झाडं हिरवीगार. शेजारच्या शेतातली पानं ऊन वर आलं तशी काळी पडत गेली. दुपारी तो शेजारी बांधावर आला. यशवंतरावांना विचारलं, "ह्येच का ते साहेब?" आणि मला नमस्कार केला.

मी फक्त वाचून दाखवलं होतं. जे लिहिलं होतं तेवढं, त्यातला एक शब्दही न गाळता. पण 'साहेब' हा शब्द मला एकतीस वर्षांत कुणी लावला नव्हता. निघताना यशवंतरावांनी स्ट्रॉबेरीची एक पेटी बांधून दिली आणि मी ती मांडीवर घेऊन आंबेनळी घाट उतरलो. घाट कसा होता ते मला विचारू नका. मी सगळा वेळ स्वतःवर खूश होतो.

सुमनताईकडे

घाट उतरल्यावर हवा अंगाला चिकटायला लागते. स्वेटर पिशवीत, मग रुमाल मानेवर. रत्नागिरीहून पुढची एसटी पकडून गावाच्या फाट्यावर उतरलो, तर ताई स्वतः न्यायला आली होती. सहासष्ट वर्षांची, पांढरी सुती साडी, पायात कॅनव्हासचे बूट. तीस वर्षं गावच्या शाळेत शिक्षिका होती, त्यामुळे सगळं गाव तिला बाई म्हणतं आणि तिच्याशी बोलताना जरा सरळ उभं राहतं.

"एवढा वाळलास कसा रे?" हे तिचं पहिलं वाक्य. दुसरं, "बॅग दे इकडे, तुला पाखाडी चढवायची नाही." पाखाडी म्हणजे जांभ्या दगडाच्या पायऱ्यांची वाट. ती खरंच चढवली नसती. तिने बॅग घेतली आणि मी स्ट्रॉबेरीची पेटी.

जेवायला ओल्या काजूगरांची उसळ होती. पुण्याला आम्ही काजू म्हणतो ती वाळलेली, खारवलेली चीज. हा ओला गर वेगळाच, गोडसर आणि दुधाळ. तो सोलून सोलून ताईच्या बोटांची सालं गेली होती. काजूच्या बीचा चीक कातडी जाळतो. "पाहुणा आला म्हणून," ती म्हणाली. "एकटीसाठी कोण सोलतं."

भाऊजी जाऊन दोन वर्षं झाली. दोन्ही मुलगे ठाण्याला. जेवताना ताईने मला सगळं सांगितलं. मुलांचं म्हणणं, बाग कराराने देऊन टाक आणि इकडे ये. ताई ऐकेना. शेवटी थोरल्याने तोड काढली. या वर्षीचा पहिल्या मोहराचा आंबा तू स्वतः उभी राहून नीट उतरव. जमलं तर बाग तुझ्याकडे, आम्ही पुन्हा विषय काढणार नाही. नाही जमलं तर पाडव्याला करार करायचा आणि तू ठाण्याला यायचं.

"पोरांचं चूक नाही," ताई म्हणाली. "त्यांना काळजी वाटते. पण दिनू, त्या बाल्कनीत उभं राहून समोरच्यांचे कपडे वाळताना बघत बसणं मला जमणार नाही. मी दिवाळीत आठ दिवस बघितले. त्यांचे सगळे कपडे मला पाठ झाले."

मी हसलो. तीही हसली. पण नंतर ताट उचलताना म्हणाली, "फळ आहे सड्यावर. चांगलं आहे. आता फक्त दहा दिवस कुणी मधे येऊ नये."

सडा

सडा म्हणजे डोंगराच्या माथ्यावरचं कातळाचं पठार. वरून बघितलं तर वाटतं इथे गवतसुद्धा उगवणार नाही. आणि त्याच कातळात सुरुंग लावून खड्डे काढून, खालून डोक्यावरून माती वाहून आणून भाऊजींनी चाळीस कलमं लावली होती. समुद्राचा वारा आणि तापलेला कातळ यांमुळे खालच्या बागेआधी वरची कलमं मोहरतात. पहिल्या मोहराचा आंबा असतो तो इथलाच.

गड्यांचा पुढारी सखाराम. पन्नाशीचा, बारीक, कमी बोलणारा. भाऊजींच्या वेळेपासूनचा. त्याने मला झेला हातात दिला. लांब काठी, टोकाला जाळी आणि जाळीच्या तोंडाशी पातं. फळ देठासकट जाळीत यायला हवं. देठ तुटला तर चीक फळावर ओघळतो आणि साल भाजून काळी होते. मी पहिलाच आंबा देठाविना काढला. सखारामने झेला माझ्या हातातून काढून घेतला आणि मला बसायला एक दगड दाखवला.

मग त्याने चार झाडांची चार फळं बादलीतल्या पाण्यात सोडली. तयार आंबा बुडतो, कोवळा तरंगतो. तीन तळाला गेली, एक मधेच लोंबकळत राहिलं.

"झाला बाई," सखाराम म्हणाला. "दोन दिवसांचा काम हाय. चौघं लागलो तर."

ताईचा चेहरा उजळला आणि लगेच उतरला. "पण उद्यापासून शिमगा."

हे पुण्याच्या वाचकांना समजावून सांगायला हवं. आपल्याकडे होळी म्हणजे एक संध्याकाळ आणि पोळी. इथे शिमगा म्हणजे ग्रामदेवतेची पालखी देवळातून निघते आणि दिवसचे दिवस घरोघर फिरते. मुंबईला गेलेले झाडून सगळे गावी येतात. कुठल्या घराण्याने कुठल्या घरापर्यंत पालखीला खांदा द्यायचा हे ठरलेलं असतं. त्या दिवसांत गड्यांना कामाला बोलवत नाहीत. बोलवलं तर येतात, पण बोलवत नाहीत. सखारामच्या घराण्याकडे पहिल्या तीन दिवसांचा खांदा होता.

"आमी तीन दिस पालखीला जाताव आनि चवथ्या दिवशी येऊन काडताव," सखाराम म्हणाला. "फळाला तीन दिसांनी काय होत नाय. पान्याचा तेवडा सांगा. आभाळ येनार आसंल तर मी ऱ्हातो. माजा भाव आलाय मुंबयसून, तो दील खांदा."

ताई माझ्याकडे वळली. "हा आहे ना हवामान खात्यातला. दिनू, बघ बरं तुझ्या खात्याचं काय म्हणणं आहे."

सड्यावर मोबाइलला रेंज फक्त पश्चिमेच्या कडेला येते. मी तिथे चालत गेलो. खाली समुद्र होता, निळा आणि अगदी शांत. अंदाज उघडला. उंच भागातली भूतुषाराची शक्यता आणखी एक दिवस. आणि त्याखाली, दक्षिण कोकणात पुढील तीन दिवसांत तुरळक ठिकाणी मेघगर्जना आणि सोसाट्याच्या वाऱ्यासह पाऊस. उत्तरेकडून येणारे थंड कोरडे वारे आणि समुद्रावरून येणारे बाष्पयुक्त वारे यांच्या संयोगामुळे. हे वाक्य मी माझ्या नोकरीत शंभरदा तरी टंकलं असेल. त्याचा अर्थ काय याचा विचार कधी केला नव्हता.

मी मागे वळून बघितलं. झाडाखाली ताई आणि चार गडी उभे राहून माझ्याकडे बघत होते. तेवढं चालत जाईपर्यंत माझ्या मनात काय काय आलं ते खरं खरं लिहितो. तुरळक म्हणजे कुठेतरी. कोकण केवढं लांब आहे. पठारावर माझं बरोबर आलं होतं. त्या चौघांच्या तोंडावर पालखीला जायची ओढ दिसत होती, आणि त्यांना थांबवणारा माणूस मला व्हायचं नव्हतं. शिवाय मलाही पालखी बघायची होती. आणि सगळ्यात वाईट म्हणजे, मोबाइलवरचं जसंच्या तसं वाचून दाखवायची मला लाज वाटली. ते तर कुणीही केलं असतं.

"काही नाही," मी म्हणालो. "वर पठारावर दव गोठलंय, मी डोळ्यांनी बघून आलोय. म्हणजे उत्तरेची हवा खाली उतरलीय. ती थंड असते आणि कोरडी असते. कोरड्या हवेत पाऊस कुठून येणार? चार-पाच दिवस आभाळ स्वच्छ."

"त्यात तसं लिहिलंय ना?" ताईने विचारलं. बाई होती ती, पुस्तकात काय आहे ते विचारायची तिला सवय.

"हो," मी म्हणालो.

सखारामने दोन्ही हात जोडले. "मंग बरा झाला, साहेब." बाकीचे तिघे तर पाखाडी उतरताना पळतच गेले.

पूर्णगड

दुसऱ्या दिवशी पुरणपोळ्या होत्या, त्यामुळे ताईने मला सकाळीच घराबाहेर काढलं. रिक्षाने पूर्णगडला गेलो. किल्ला लहान आहे. आमच्या सोसायटीच्या आवारापेक्षा फार मोठा नसेल, पण दाराशी उभं राहिलं की खाली मुचकुंदीची खाडी समुद्राला मिळते ते अगदी समोर दिसतं. तिथे मी तासभर बसलो. सगळ्या प्रवासात मला मनापासून शांत वाटलं असं ते शेवटचं ठिकाण.

उतरताना बंदराशी गेलो. सगळ्या होड्या वर ओढून ठेवल्या होत्या. एक म्हातारे खारवी सावलीत जाळं दुरुस्त करत बसले होते. मी विचारलं, "शिमग्याची सुट्टी वाटतं?"

"शिमगा हायच," ते म्हणाले. "पन गेलो आसतो. सकाळचा मतलई पडलाच नाय आज." मतलई म्हणजे पहाटे जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा वारा, त्यावर होड्या बाहेर पडतात. "वारा फिरला. पानी येनार."

"पण वर हवा कोरडी आहे," मी म्हणालो.

त्यांनी जाळ्यातून मान वर करून माझ्याकडे बघितलं. माझ्या डोक्यावर पुण्याची टोपी, गळ्यात चष्म्याची दोरी. "आसंल," म्हणाले आणि परत गाठ मारायला लागले.

त्या बंदरावर मोबाइलला पूर्ण रेंज होती. ताईला फोन करून एवढंच सांगायचं होतं की पाऊस येईल असं दिसतंय, सखारामला बोलावून घे. चार गडी दुपारपासून लागले असते तर अर्धा आंबा तरी उतरला असता. मी मोबाइल हातात घेतला होता. पण मग तिने विचारलं असतं, काल तर तू म्हणालास लिहिलंय म्हणून. मी मोबाइल खिशात टाकला आणि रिक्षावाल्याला कोकम सरबत पाजलं. पुरणपोळ्या उत्तम झाल्या होत्या. चार खाल्ल्या.

पालखी

तिसऱ्या दिवशी दुपारी पालखी ताईच्या दारात आली. आधी ढोल ऐकू आले, मग पाखाडीच्या वळणावर गर्दी दिसली आणि गर्दीच्या डोक्यावर हेलकावे खात येणारी पालखी. पुढच्या दांड्याला सखाराम. अनवाणी, कपाळभर गुलाल, कमरेला नवा शेला. सड्यावरचा तो कमी बोलणारा माणूस ओळखू येईना. अंगणाला इथे खळं म्हणतात. त्या खळ्यात त्यांनी पालखी नाचवली. तिच्या वजनाने चौघांच्या मानेच्या शिरा तट्ट फुगल्या होत्या आणि चौघेही हसत होते. पुण्यात आपण मिरवणूक बघायला जातो. इथे देवच घर बघायला येतो, आणि घरातली माणसं तो येणार म्हणून आदल्या दिवशी खळं सारवतात.

पालखी पडवीत पाटावर ठेवली. ताईने ओटी भरली. मग मानकरी उभे राहिले आणि त्यांनी गाऱ्हाणं घातलं.

"हे देवा म्हाराजा, तुज्या पायाशी ही बाई उभी हाय. घरधनी गेल्यावर एकटी बाग राकते. तिच्या हाताला येश दे."

"होय म्हाराजा," सगळे म्हणाले.

"फळ झाडावर हाय ता तिच्या घरात येऊदे. वारापान्याचा काय आसंल ता भायेरच्या भायेर वळव."

"होय म्हाराजा."

मीही म्हणालो. तोंडातल्या तोंडात. कारण तोवर मी पश्चिमेकडे बघितलं होतं. समुद्राच्या बाजूने आभाळ काळंनिळं होऊन वर चढत होतं आणि खळ्यातल्या माडाच्या झावळ्या एकाएकी थांबल्या होत्या. ताईनेही बघितलं. तिने मला विचारलं नाही. तिने फक्त सखारामकडे बघितलं.

वारा आधी आला. सारवलेल्या खळ्यात झावळ्या, पानं, कुणाची तरी टोपी. मग मोठमोठे थेंब, मग धो धो. सगळी गर्दी पडवीत शिरली, ढोलांवर पोती टाकली, पालखीवर प्लास्टिक ओढलं. कौलांवर असा आवाज होता की कुणाचं बोलणं ऐकू येईना. सखाराम पालखीच्या दांड्याशी बसला होता. पालखी घरात असताना खांदेकऱ्याने तिला सोडून जायचं नसतं. तो बसल्या जागेवरून सड्याच्या दिशेला बघत होता. कपाळावरचा गुलाल घामाने ओघळून नाकावर आला होता, तो त्याने पुसला नाही.

अर्धा तास पाऊस पडला. थांबल्यावर पालखी पुढच्या घरी गेली, सखारामला जावं लागलं. ताई बूट घालून सड्यावर निघाली. मी मागोमाग निघालो तर म्हणाली, "तू थांब, पाय घसरेल." एवढं होऊनही तिला माझ्या पायाची काळजी होती.

वेचणी

दुसऱ्या दिवशी सकाळी चारही गडी न बोलावता आले. सखारामने खांदा भावाला दिला होता, दोन दिवस उशिरा. सड्यावर गेलो तेव्हा कातळ कोरडा झाला होता आणि त्यावर आंबे पडले होते, झाडाखाली, झाडापासून दूर, दगडांच्या फटींत. मी एक उचलला. वरून काही झालेलं दिसत नव्हतं. उलटा केला तर एका गालाला मार. दुसराही तसाच. पडलेलं फळ पेटीत घालत नाहीत. ते रस काढणाऱ्या कारखान्याला जातं, आणि तिथे हापूस काय नि दुसरा काय.

झाडावर राहिलं होतं ते बघून मी म्हटलं, "निम्मं तर आहे अजून."

"तीन-चार दिसांनी बगा," सखाराम म्हणाला. तो मला साहेब म्हणाला नाही. रागाने नव्हे, विसरला असावा.

ती फळं उतरवून ठेवली, पण पावसाच्या ओलीने चार दिवसांनी त्यांवरही काळे ठिपके उठले. ताई एकेक फळ हातात घेऊन बघे आणि टोपलीत ठेवी. शाळेच्या वह्या तपासत असावी तशी, न चिडता. वेचताना मीही वाकलो. माझ्या कमरेने कुरकुर केली नाही, किंवा केली असेल तर मी लक्ष दिलं नाही.

त्याच संध्याकाळी थोरल्या मुलाचा फोन आला. मी शेजारीच बसलो होतो.

"गेला रे पहिला आंबा," ताई म्हणाली. "नाही, गड्यांची काही चूक नाही. दिनूची तर मुळीच नाही. त्याने बघून सांगितलं होतं. हवामानाचा अंदाजच चुकला, त्याला तो काय करणार?"

तेव्हा बोलायला हवं होतं. मुलगा फोनवर होता, अजून काही ठरायचं होतं. अंदाज चुकला नव्हता, आईने विचारलं तेव्हा मी खोटं सांगितलं, तिच्या हातून काही चुकलेलं नाही, तिला आणखी एक मोसम द्या, असं मी म्हणालो असतो तर कदाचित त्याने दिलाही असता. मी समोरच्या वाटीतले काजूगर खात राहिलो. ते तिने पुन्हा सोलले होते.

करार

मी पाडव्यापर्यंत राहिलो. ताई म्हणाली राहा, आणि मला निघून जायचं धैर्य झालं नाही. पाडव्याच्या सकाळी गुढी उभारून झाल्यावर बागा कराराने घेणारा गृहस्थ आला. चांगला माणूस होता. चपला पायरीखाली काढल्या, भाऊजींच्या फोटोला नमस्कार केला, सखाराम आणि बाकीच्या गड्यांना कामावर ठेवीन असं आपणहून म्हणाला. सखाराम पडवीच्या खांबाला टेकून उभा होता. मुलांना सुट्टी मिळाली नव्हती, म्हणून साक्षीदार म्हणून ताईने मला बसवलं.

त्याने कागद भरायला घेतला. माझं नाव लिहिलं, वय लिहिलं. "व्यवसाय?"

ताईने सांगितलं, "हवामान अधिकारी. निवृत्त असं लिहा पुढे."

त्याने पेन टेकवलं तेव्हा मी म्हणालो, "टंकलेखक लिहा."

ताईने माझ्याकडे बघितलं. "का रे?"

"टंकलेखक होतो मी, ताई. अंदाज साहेब काढायचे. मी आलेला कागद टाइप करायचो."

"एकतीस वर्षं?"

"एकतीस वर्षं."

मला वाटलं, ही हसेल. तशी ती हसणारी आहे. मग तिने शाळेतल्या आवाजात, म्हणजे मुळीच आवाज न चढवता विचारलं, "मग त्या दिवशी सड्याच्या कडेला जाऊन तू जे वाचलंस, त्यात काय लिहिलं होतं?"

"पाऊस येईल असं लिहिलं होतं."

करारवाल्या गृहस्थाने पेन खाली ठेवलं. सखारामने खांबावरची पाठ काढली आणि तो सरळ उभा राहिला. ताईने त्याच्याकडे बघितलं, मग बागेकडे जाणाऱ्या पाखाडीकडे. मग कागद माझ्या पुढ्यात सरकवला आणि सही करायची जागा बोटाने दाखवली. बोटाची सालं अजून भरून आली नव्हती.

"इथे," ती म्हणाली. "अक्षर नीट काढ."

मी सही केली.

ताई आता ठाण्याला असते. दर रविवारी तिचा फोन येतो. माझी कंबर, जोशीवहिनींचे गुडघे, भाज्यांचे भाव, सगळं विचारते. इकडे ढग आलेत का, पाऊस येईल का, हे मात्र ती मला कधीच विचारत नाही.